फाशी सुनावली की फाईल बंद

पुण्यात पौड रोडला १९९४ च्या ऑगस्टमध्ये एकाच घरातली सात माणसं मारली गेली. पाच बायका, त्यातली एक गरोदर, आणि दोन लहान मुलं. जुन्या कोथरूडकरांना ती केस अजून आठवते, नुसतं "राठी" म्हटलं तरी पुरतं. आरोपी तिघं होते, राजस्थानातून आलेली पोरं. त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला आणि उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली, पुढच्या वर्षी हायकोर्टाने ती कायम केली, २००० साली सुप्रीम कोर्टानेही. तीन पायऱ्या, तिन्हीकडे शिक्कामोर्तब.

आणि मग २७ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाने त्या दोघांपैकी एकाला सोडलं, कारण गुन्हा घडला तेव्हा त्याचं वय बारा वर्षं सहा महिने होतं. बारा! सहावी-सातवीतलं पोर. अल्पवयीन मुलांच्या कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं आत ठेवता आलं असतं आणि तो अठ्ठावीस वर्षांच्या वर आत होता, आधी येरवडा मग नागपूर, आणि त्यातली बरीचशी वर्षं फाशीचा कैदी म्हणून. त्याने काही केलंच नव्हतं असं कोर्ट म्हणालं नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी येऊन सांगेलच. कोर्ट एवढंच म्हणालं की हा त्या वेळी लहान होता, आणि लहान मुलाला आपला कायदा फाशी देत नाही.

हे कळलं कशावरून, तर बिकानेर जिल्ह्यातल्या जलाबसर नावाच्या गावातल्या शाळेच्या रजिस्टरवरून. त्यात त्याची जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. नावही वेगळं होतं, घरी एक नाव, पोलिसांच्या कागदावर दुसरं, आणि पोलिसांनी वय टाकलं होतं विशीतलं. २००५ मध्ये जेलमध्ये त्याची डॉक्टरी तपासणी झाली होती, तिचा निष्कर्ष असा की वय बावीसच्या वर आणि चाळीसच्या खाली. घ्या आता. पण याच गोल निष्कर्षाचा नीट हिशेब केला असता तर त्या वर्षी बावीस-तेवीसचा असलेला माणूस १९९४ मध्ये किती वर्षांचा असेल, हे चौथीतल्या पोराने पण सांगितलं असतं. सांगितलं नाही कोणी. त्याने २०१८ मध्ये अर्ज केला, सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या सेशन्स कोर्टाला चौकशी करायला लावली, २०१९ मध्ये अहवाल आला की हो, बाराच. तरी सुटायला २०२३ उजाडलं.

मला यात सगळ्यात जास्त काय बोचलं असेल तर ती तारीख. १ फेब्रुवारी. महिन्याची पहिली तारीख म्हटलं की आपल्याकडच्या कुणाच्याही डोक्यात लगेच ट्यूब पेटते. आमच्या घरात वडील, मोठे काका आणि आत्या तिघांचाही वाढदिवस १ जून, आणि तिळी भावंडं नाहीयेत ती. पहिलीत घालायला आजोबा घेऊन गेले, गुरुजींनी पोराकडे बघितलं, डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावला, आणि १ जून लावून टाकली. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी १ जूनला रिटायरमेंटची तारीख मोजते. तर अशा देशात एका माणसाचा जीव असल्याच एका रजिस्टरातल्या ओळीवर अडकलेला होता, आणि ती ओळ बघायला वीसेक वर्षं कुणी गेलंच नाही. रजिस्टर कुठे पळून गेलं नव्हतं. शाळेतच होतं.

मोठे काका कोर्टात शिरस्तेदार होते, हयात गेली फायली बांधण्यात. त्यांना मी ही बातमी वाचून दाखवली तर ते चष्मा पुसत म्हणाले, "अरे, वय आरोपी सांगतो, पोलीस लिहितात, कोर्ट वाचतं. विचारतं कोण?" मी म्हटलं, काका, पण फाशीची केस होती. तर म्हणे, "म्हणूनच. फाशीच्या केसमध्ये सगळ्यांना घाई असते, आणि एकदा फाशी सुनावली की त्या फाईलला कोणी हात लावत नाही. जड होते ती." काकांशी माझे फाशीवरून वाद होतात, ते फाशीच्या बाजूचे आहेत, मी नाही, पण त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. कारण फाशी नको म्हणणाऱ्यांच्या बाजूने नेहमी दया, माणुसकी, गांधी, बुद्ध असं सगळं येतं, आणि ते चूक नाही, पण माझं कारण तेवढं उदात्त नाहीये. माझं कारण काकांच्या फाईलचं आहे.

खरं तर फासाशी आपल्या मराठी माणसाचं नातं आधी वेगळंच होतं. शाळेत आपण फाशी शिकलो ती गुन्हेगारांची नाही. १८३२ मध्ये पुण्यात उमाजी नाईक, मग येरवड्यात चापेकर बंधू, दामोदर १८९८ ला आणि बाळकृष्ण-वासुदेव पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात चार दिवसांच्या अंतराने, १९१० ला ठाण्याच्या जेलात अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे, १९३१ च्या जानेवारीत सोलापूरचे चौघं, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, आणि त्याच वर्षी २३ मार्चला लाहोरला भगतसिंग-सुखदेवबरोबर आपला राजगुरू. म्हणजे दोरी ही सरकारची आणि मान आपली, असं ते चित्र. आणि त्या २३ मार्चनंतर आठवडाभरात कराचीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, वल्लभभाई अध्यक्ष, तिथे मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला त्यात एक कलम चक्क असं होतं की स्वतंत्र भारतात देहदंड असणार नाही. किती जणांना माहीत असतं हे? मलाही शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

मग स्वातंत्र्य आलं आणि दोरी आपल्या हातात आली, आणि ते कलम गेलं कुठे कुणास ठाऊक. घटना समितीत १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये झेड. एच. लारी यांनी देहदंड रद्द करा अशी दुरुस्ती मांडली होती, ती बारगळली. पण ३ जून १९४९ ला, फाशीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टात अपिलाचा हक्क असावा का यावर चर्चा चालली होती, तेव्हा बाबासाहेब म्हणाले की अपिलाची ही सोय करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करायला माझा जास्त पाठिंबा राहील, हा देश एकंदरीत अहिंसेचं तत्त्व मानणारा आहे, ते तत्त्व निदान मान्य तरी करतो. घटनेचा मसुदा ज्यांच्या हाताखाली बनला त्यांनी हे सभागृहात बोलून दाखवलं. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला अंबाल्याच्या जेलात नथुराम गोडसे आणि नारायण आपटेला फाशी झाली, म्हणजे घटना स्वीकारायच्या अकरा दिवस आधी. खून गांधींचा, आणि गांधींचेच दोन मुलगे, मणिलाल आणि रामदास, शिक्षा सौम्य करा म्हणून सांगत होते. सरकारने ऐकलं नाही. त्या काळातलं वातावरण बघता कुठलंच सरकार ऐकलं नसतं, आणि पुण्यातल्या मंडळींना हा विषय काढला की अजून घाम फुटतो, पण मला तो प्रसंग महत्त्वाचा वाटतो कारण फाशीविरोधाची परीक्षा तिथेच होती, आपल्या सगळ्यात लाडक्या माणसाच्या खुन्यापाशी.

मधल्या इतिहासात एक गमतीशीर माणूस भेटतो. १९५८ मध्ये राज्यसभेत फाशी रद्द करण्याचा ठराव मांडला कोणी, तर पृथ्वीराज कपूर यांनी. हो, तेच. चर्चा झाली आणि त्यांनी तो मागे घेतला. पुढे १९६७ ला विधी आयोगाने पस्तीसाव्या अहवालात सांगितलं की भारताने हा प्रयोग करण्याची जोखीम घेऊ नये, फाशी राहू द्या. जोखीम! तिकडे त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्येच फाशी काढून टाकली होती, आणि आपल्या शेजारचं गोवा तर त्याहून जुनं. पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठी फाशी १८६७ मध्ये रद्द केली आणि १८७० मध्ये ते वसाहतींनाही लागू केलं. म्हणजे सालाझारच्या हुकूमशाहीत, जिथे बोलायची चोरी, तिथे साध्या खुनाला फाशी नव्हती, आणि १९६१ ला मुक्त झाल्यावर भारतीय कायद्याबरोबर ती आली. विचित्रच आहे हे, पण आहे.

कायदा मात्र हळूहळू बदलत होता, हेही खरं. १९५५ पर्यंत खुनाला फाशी हाच नियम होता, न्यायाधीशाने फाशी नाही दिली तर का नाही दिली याची कारणं लिहावी लागायची. त्या वर्षी ती अट निघाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते पूर्ण उलटं केलं, जन्मठेप हा नियम आणि फाशी द्यायची तर खास कारणं लिहा. मग १९८० मध्ये बच्चनसिंग केस, पाच न्यायाधीश, अध्यक्षस्थानी आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, चार विरुद्ध एक असा निकाल की फाशी घटनाबाह्य नाही पण ती दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणातच द्यायची. एकटे न्यायमूर्ती भगवती विरोधात, त्यांनी आपलं मत दोन वर्षांनी सविस्तर दिलं, आणि त्यात मुद्दा हा की कुणाला फाशी आणि कुणाला नाही हे शेवटी समोर कुठलं खंडपीठ आलं त्यावर ठरतंय.

ते हवेत बोलत नव्हते. त्याच सुमारास उत्तर प्रदेशातली एक केस सुप्रीम कोर्टापुढे आली, तीन आरोपी, एकाच गुन्ह्यात, तिघांची भूमिका सारखी. तिघांचे अर्ज वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या न्यायाधीशांसमोर गेले. एकाची फाशी जन्मठेपेत बदलली. दुसरा ऑक्टोबर १९८१ मध्ये फासावर गेला. तिसरा त्याच्याबरोबर जायचा तो कोर्टात आल्यामुळे वाचला. पौड रोडच्या केसचं बघा मग, एकाला कोर्टाने माफीचा साक्षीदार म्हणून सोडलं, एकाची फाशी २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली, आणि एक बारा वर्षांचा निघाला. सगळ्यात लहान होता त्याच्याच मानेवर दोरी सगळ्यात जास्त वर्षं राहिली.

आता कोणीही पुणेकर इथे मला थांबवणार आणि म्हणणार, जोशी-अभ्यंकर? बरोबर आहे, ते टाळून पुढे जाता येत नाही. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत दहा खून, करणारे टिळक रोडवरच्या कला महाविद्यालयातले विद्यार्थी, नायलॉनच्या दोरीने गळे आवळलेले, अभ्यंकरांच्या घरात तर संस्कृतचे विद्वान म्हातारे शास्त्रीबुवा सुद्धा सोडले नाहीत. माझी आई तेव्हा सदाशिव पेठेत राहायची, ती सांगते की दिवेलागणीला वाड्याचा दिंडी दरवाजा बंद व्हायचा, दूधवाल्याला पण आधी नाव विचारायचे, सिनेमाचा शेवटचा शो ओस. २७ नोव्हेंबर १९८३ ला त्यांचा म्होरक्या जक्कल आणि बाकी तिघांना येरवड्यात फाशी झाली. इथे माझ्याकडे चुकीच्या माणसाला पकडलं वगैरे मुद्दा नाही. गुन्हा त्यांचाच, पुरावा पक्का, तपास त्या काळाच्या मानाने उत्तम. आईला मी एकदा विचारलं की फाशी झाली त्या दिवशी कसं वाटलं तुला. तिला तो दिवस आठवतच नाही. भीती आठवते, दिंडी दरवाजाची कडी आठवते, आणि पकडले गेले ती बातमी आठवते, "तेव्हा रात्री पहिल्यांदा झोप लागली" म्हणते. पकडले गेले १९७७ ला. फाशी सहा वर्षांनी. पुण्याची झोप परत आली ती पोलिसांनी धरलं तेव्हा, दोरीने नाही.

आणि ज्या केसमुळे हा लेख लिहायला घेतला ती नाशिकची.

५ जून २००३ ची रात्र, नाशिकजवळ पेरूच्या बागेत झोपडीत राहणारं एक कुटुंब. दरोडा पडला, पाच माणसं मारली, बायकांवर अत्याचार झाले, लुटून नेलं काय तर थोडे पैसे आणि किडूकमिडूक दागिने. आई आणि एक मुलगा जबर जखमी होऊन वाचले. सहा जणांना पकडलं, सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. २००६ ला सेशन्स कोर्टात सहाही जणांना फाशी. हायकोर्टाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप. ३० एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकून त्या तिघांनाही परत फाशी दिली. सहाच्या सहा. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर २०१२ मध्ये कळलं. परत तेच, वय.

गंमत (गंमत कसली) अशी की त्याच २००९ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या खंडपीठाने, तेही महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये, कबूल केलं की १९९६ च्या एका निकालाच्या आधाराने आपण बऱ्याच जणांना चुकीच्या तत्त्वावर फाशी दिलेली आहे, फक्त गुन्हा बघितला, गुन्हेगाराची परिस्थिती बघितलीच नाही, जी बघायला बच्चनसिंगने सांगितलं होतं. तो १९९६ चा निकाल ज्याच्या केसमधला होता तो माणूस त्याच वर्षी फासावर गेलेला. १९९७ ला आणखी एक. त्यांना काय सांगणार. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं की या चुकलेल्या निकालांमधल्या उरलेल्यांना तरी वाचवा.

नाशिकच्या सहा जणांचा पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे त्याच कोर्टाला निकाल परत तपासा म्हणणारा अर्ज, आधी फेटाळला गेला होता. तेव्हा पद्धत अशी होती की असले अर्ज न्यायाधीश आपल्या दालनात कागद वाचून निकाली काढायचे, वकिलाला बोलायला मिळायचं नाही. २०१४ मध्ये घटनापीठाने सांगितलं की फाशीच्या केसमध्ये तरी हा अर्ज उघड्या कोर्टात, तीन न्यायाधीशांसमोर ऐका. त्या एका नियमामुळे नाशिकची फाईल २०१८ मध्ये परत उघडली. आणि उघडल्यावर आत काय मिळालं, तर पोलिसांच्या रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचा फोटो अल्बम. त्या बाईला, जिने नवरा गमावला, मुलं गमावली, तिला घटनेनंतर दोनच दिवसांत तो अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातल्या चार फोटोंवर बोट ठेवलं होतं. हे चौघं, म्हणाली. ते चौघं या सहा जणांपैकी कोणीच नव्हते. आणि त्या चौघांचा तपास कोणी केला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी हे आपण लहानपणापासून म्हणत आलोय, पण ते इतकं अक्षरशः असेल असं वाटलं नव्हतं.

५ मार्च २०१९ ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने सहाही जण निर्दोष सोडले, सरकारने प्रत्येकाला पाच लाख द्यावेत म्हणून सांगितलं, आणि ज्या अधिकाऱ्यांनी हा तपास केला त्यांच्यातले नोकरीत असतील त्यांच्यावर कारवाई करा म्हणून सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. ज्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली त्याच कोर्टाने, तोच पुरावा वाचून, सहाही जण सोडले. नवीन काही सापडलं नव्हतं, अल्बमची गोष्ट सुरुवातीपासून रेकॉर्डवर होती.

आता या केसवर जे लिहून आलं ते बहुतेक त्या सहा जणांबद्दल होतं, आणि असायलाच पाहिजे, सोळा वर्षं म्हणजे चेष्टा नाही. पण मी त्या बाईचा विचार करत राहतो. फाशीच्या बाजूचे लोक नेहमी म्हणतात, तुम्ही आरोपीची बाजू घेता, ज्याच्या घरात झालं त्याचा विचार करा. चला करू. तिच्या घरात झालं. तिने डोळ्यांनी बघितलं. तिने बोट दाखवलं. आणि यंत्रणेने तिचं ऐकलं नाही, दुसरेच सहा आणून उभे केले, कडक शिक्षा मागितली, मिळाली, २००६ ला पेपरमध्ये मोठ्या अक्षरात आलं असणार, न्याय झाला. फाशी सुनावल्यामुळे सगळ्यांचं समाधान झालं आणि खरं कोण हा प्रश्न तेरा वर्षं कुणाला पडलाच नाही. नुसती दहा वर्षं सक्तमजुरी झाली असती तर कदाचित कोणी म्हटलं असतं, एवढ्या भयानक गुन्ह्याला एवढीच? नीट बघा जरा. फाशीने तो प्रश्नच संपवला. काकांची जड फाईल ती हीच.

मुंबईच्या लोकलचंही तसंच. ११ जुलै २००६, सात स्फोट, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. २०१५ ला मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) कोर्टाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही जण निर्दोष ठरवले, कबुलीजबाबांवर आणि ओळख परेडवर विश्वास ठेवायला नकार दिला. फाशीच्या पाच जणांपैकी एक २०२१ मध्येच कोरोनाने जेलमध्ये गेला होता. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथे या निकालाचा दाखला दुसऱ्या केसमध्ये वापरू नका असा आदेश झालाय, सुटलेल्यांना परत आत घातलेलं नाही, शेवटचा शब्द यायचाय. पण तो काहीही आला तरी एकोणीस वर्षं गेली ना. विरारच्या गाडीत ज्याचा भाऊ गेला त्याने एकोणीस वर्षं कुणाकडे बघून राग धरला?

मग आकडे बघितले की हे दोन-चार अपवाद वाटत नाहीत. २००० ते २०१५ मध्ये खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी वरपर्यंत टिकल्या जेमतेम पाच टक्के, आणि साधारण तीस टक्के माणसं चक्क निर्दोष सुटली. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास छापला, त्यात ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे आणि ७६ टक्के मागास जाती-जमातींतले किंवा धार्मिक अल्पसंख्याक. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, आपले सोलापूरचे, विधी आयोगाचे अध्यक्ष होते तेव्हा २०१५ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने शिफारस केली की दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे सोडून बाकी सगळ्याला फाशी रद्द करा. झालं काय? उलट. आपल्या विधिमंडळाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये बायका-मुलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक मंजूर केलं, फाशीसकट, ते राष्ट्रपतींच्या मंजुरीवाचूनच राहिलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फाशीचे गुन्हे कमी व्हायच्या ऐवजी वाढले. फाशी लिहायला काही लागत नाही. फॉरेन्सिक लॅब चालवायला पैसे लागतात.

ती द्यायची वेळ आली की तर अजून मजा. गहुंज्याच्या बीपीओ केसमध्ये, म्हणजे पुण्याजवळ बीपीओत काम करणाऱ्या मुलीवर बलात्कार करून खून झाला त्या केसमध्ये, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१७ मध्ये फेटाळला आणि डेथ वॉरंट निघालं २०१९ मध्ये. मधली दोन वर्षं कागद कुठे फिरत होते? हायकोर्टाने त्या उशिरासाठी फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ते कायम ठेवलं. लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या दोन बहिणींच्या केसमध्ये पण तेच, २००६ ला सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली, २०१४ ला दयेचा अर्ज फेटाळला, २०२२ ला हायकोर्टाने उशिरापायी जन्मठेप केली. त्या मुलांच्या आयांना इतकी वर्षं सांगत राहायचं, आज होईल, उद्या होईल. सरळ मरेपर्यंत जन्मठेप दिली असती तर पहिल्याच दिवशी विषय संपला असता. आणि तशी देता येते, "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांत बाहेर" हे आपण उगाच धरून बसलोय. चौदा वर्षं ही सुटकेचा विचार सुरू करायची किमान अट आहे, सुटायची तारीख नाही, आणि २००८ पासून तर सुप्रीम कोर्ट सूट न मिळणारी जन्मठेप देतच आलंय.

काका हे सगळं ऐकून घेतात, मान पण हलवतात, आणि शेवटी हुकमाचा एक्का काढतात. "बरं, मग कसाबचं काय केलं असतंस?"

महाराष्ट्रात फाशीविरोधी बोलणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. २६/११ च्या मुंबई हल्ल्यात तो कॅमेऱ्यात दिसला, पोलीस दलातल्या ओंबळेंनी जिवावर उदार होऊन त्याला जिवंत धरला, ओळखीचा वाद नाही, वयाचा वाद झाला तो कोर्टाने सोडवला. २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी साडेसातला येरवड्यात गुपचूप उरकलं. दोनच दिवस आधी संयुक्त राष्ट्रांच्या समितीत फाशीला स्थगिती द्या या ठरावावर मतदान झालं, ११० देश बाजूने, ३९ विरोधात, आणि त्या ३९ मध्ये आपण. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या सोसायटीत पेढे वाटले.

मी काकांना म्हटलं, ठेवला असता. आर्थर रोडच्या अंडा सेलमध्ये, मरेपर्यंत. ओंबळेंनी त्याला जिवंत पकडला, त्याची किंमत ती होती ना? तो त्या दहा जणांपैकी एकमेव जिवंत माणूस होता, कराचीत कोणी शिकवलं, फोनवर कोण बोलत होतं हे स्वतःच्या कानांनी ऐकलेला. बीडचा झबीउद्दीन अन्सारी, अबू जुंदाल, हल्ल्याच्या वेळी कराचीतून फोनवर सूचना दिल्याचा आरोप असलेला, तो २०१२ च्या जूनमध्ये हाती लागला. पाच महिन्यांनी आपण कसाबला फाशी दिली आणि जुंदालचा खटला त्यानंतर वर्षानुवर्षं चालला. हल्ल्याआधी मुंबईत टेहळणी करून गेलेल्या हेडलीला अमेरिकेने पस्तीस वर्षं दिली, मारला नाही, म्हणून २०१६ च्या फेब्रुवारीत तो व्हिडिओवरून मुंबईच्या कोर्टात साक्षीला बसला आणि दिवसेंदिवस उलटतपासणी झाली त्याची. हेडलीचा मित्र, याच कटातला आरोपी तहव्वूर राणा, त्याला तर २०२५ च्या एप्रिलमध्ये इथे आणलं. आता त्याचा खटला उभा राहील, कोणी विचारेल की कराचीतल्या त्या खोलीत आणखी कोण कोण होतं.

काका म्हणाले, हेडली खोटं पण बोलत असेल. मी म्हटलं, असेल की, पण त्याला परत बोलावून तसं विचारता तरी येतं.